दोन खाड्यांमधली सायकल

वसई-विरारच्या भूमीला पाण्याने तीन बाजूंनी वेढले आहे. दक्षिणेस उल्हास नदीची वसई खाडी, उत्तरेस वैतरणेची खाडी, पश्चिमेस समुद्र. आणि उरलेल्या पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर. आगगाडीने ही कोंडी फार पूर्वीच फोडली. १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईच्या बॅकबे स्थानकापर्यंत पहिली लोकल धावली आणि तेव्हापासून इथला माणूस रुळांवरून मुंबईला जातो-येतो. सायकल मात्र रुळांवरून जात नाही. सायकलवाल्याला बाहेर पडण्याचे मोठे दार एकच होते, पूर्वेकडचा मुंबई-अहमदाबाद महामार्ग. वसईच्या किनाऱ्यावरून पैलतीरीच्या भाईंदरच्या इमारती दिसत; पण तिथे पोहोचायचे तर वर्सोव्याच्या पुलावरून ३८ किलोमीटरांचा वळसा पडे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई आणि भाईंदर यांच्यामध्ये रो-रो बोट सुरू झाली. साडेतीन किलोमीटरांचे पाणी, पंधरा मिनिटांचा प्रवास. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२५ मध्ये, उत्तरेच्या खाडीवरही तशीच बोट आली: विरारच्या मारंबळपाड्याहून पलीकडच्या, सफाळ्याच्या बाजूच्या खारवाडेश्रीला. रस्त्याने हे अंतर ६० किलोमीटर. पाण्यावरून अवघे दीड. मोटारवाल्यांना यात इंधनाची बचत दिसली. सायकलवाल्यांना नकाशाच नवा मिळाला, आणि रविवारच्या गप्पांना नवा विषय.

या गप्पा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला नवल वाटते, कारण त्यांत सायकल फार थोडी असते. पंक्चर, नवा टायर, चेनला कोणते तेल, हे सारे पाच मिनिटांत संपते. बाकी सगळे खाणे. कुठल्या नाक्यावरची मिसळ झणझणीत, कुठे पहाटे साडेसहालाच वडे तळायला घेतात, कुठल्या टपरीवरचा चहा गोडमिट्ट. आणि खाणे आटोपले की पुढच्या प्रवासाचे बेत, ज्यांतले निम्मे कधीच तडीस जात नाहीत.

विरार पश्चिमेला बोळींजच्या नाक्यावर रविवारी पहाटे पावणेसहाला जमणारी सात-आठ जणांची मंडळी याला अपवाद नाही. त्यांत निवृत्तीला आलेले एक मास्तर आहेत, नंदाखालचे. त्यांचे आजोबा दूधवाले. वसईच्या दूधवाल्यांची ती पिढी दुधाच्या किटल्या पहाटेच्या गाडीत चढवून मुंबईला नेई आणि तिथे घरोघर पोहोचवी. त्या काळी या भागात सायकल हौसेसाठी नव्हती. तिच्यावर दूध, भाजी, विड्याची पाने आणि मोगऱ्याच्या करंड्या लादलेल्या असत. मास्तर चढावर धापा टाकणाऱ्या तरुणांना हे आवर्जून सांगतात. बँकेत नोकरी करणाऱ्या एक ताई आहेत, रेल्वेच्या सिग्नल खात्यातले एक गृहस्थ आहेत, कॉलेजातली दोन मुले आहेत. आणि स्टीलच्या भांड्यांच्या दुकानातला एक सव्वीस वर्षांचा तरुण आहे. त्याचे आजोबा राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातून इथे आले. मंडळीत त्याला सगळे ‘शेठ’ म्हणतात, यात थट्टा किती आणि आपुलकी किती हे वेगळे करता येत नाही.

शेठने उपधान केल्यापासून नवकारशी आणि चौविहार सोडलेले नाहीत. कंदमूळ तर घरात कधीच नव्हते. पहिल्या काही रविवारी याचा अर्थ मंडळींना कळला नाही. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर सात वाजता सगळे चहा-पोह्यांवर तुटून पडलेले, आणि हा पाण्याची बाटलीही न उघडता सायकलला टेकून उभा. कोणाला वाटले उपवास, कोणाला वाटले पोट बिघडले.

“अरे, वीस किलोमीटर चालवून आलास. एक घोट पाण्याने काय बिघडतं?” सिग्नलवाल्यांनी विचारले.

“सर, अजून एक तास आहे,” तो एवढेच म्हणाला.

मग मास्तरांनी हिशेब समजून घेतला. सूर्योदयानंतर दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. जानेवारीत इथे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, म्हणजे नवकारशी आठला. मे महिन्याच्या अखेरीस सूर्य सहाला वर येतो, तेव्हा तीच नवकारशी सातला दहा मिनिटे कमी असताना येते. सायकलवाल्याला सर्वांत सुखाचा ऋतू हिवाळा. पण व्रत पाळणाऱ्या सायकलवाल्याचा दिवस हिवाळ्यातच दोन्ही टोकांनी आखडतो. सकाळी आठपर्यंत कोरडे, आणि डिसेंबरात सायंकाळी सहानंतर पुन्हा कोरडे. गणिताच्या मास्तरांना ही गोष्ट आवडली. त्यांनी त्या दिवसापासून रस्ता असा आखायला सुरुवात केली, की हिवाळ्यात बरोबर आठच्या सुमारास मंडळी आगाशीला असावीत.

आगाशी वाचकांना सांगायला नको. श्रीमुनिसुव्रतस्वामींच्या देरासरामुळे मुंबई आणि परिसरातील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तिथे येत आली आहेत. मूळ प्रतिमा सोपाऱ्याच्या तलावातून मिळाली अशी आख्यायिका आहे, आणि देरासराचे नाव भायखळ्याचे मंदिर उभारणाऱ्या शेठ मोतीशांशी जोडले जाते. मोटारीने येणारा यात्रेकरू दर्शन, पूजा, भोजनशाळा आणि परत असा येतो. सायकलवरून येणाऱ्याला आगाशी वेगळी दिसते: कौलारू घरांचे ओटे, तलाव, बाजारपेठेची अरुंद वळणे, आणि हंगामात सुकेळी. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्याच सुक्या पानांत बांधलेली ही पुडी पाहिली की बाजारातले परदेशी वेष्टनांतले ‘एनर्जी बार’ हास्यास्पद वाटतात. शिवाय त्या वेष्टनांवरची बारीक अक्षरे वाचत बसावी लागतात; कुठे मध, कुठे जिलेटिन. सुकेळीत केळे आणि ऊन यांपलीकडे काही नसते.

देरासराबाहेर शेठने मूठ वळून नवकार म्हणत पच्चक्खाण पारले, तेव्हा कॉलेजच्या मुलांना वाटले हँडल धरून त्याचा हात आखडला आहे. त्याने हसत समजावले. मग पाठीवरच्या पिशवीतून डबा निघाला: खाकरे आणि सुखडी. गव्हाचे पीठ, तूप, गूळ. पन्नास किलोमीटर सायकल चालवणाऱ्यासाठी याहून चांगले काही कोणी बनवले असेल, असे वाटत नाही. दोन महिन्यांत त्या मंडळीतल्या चार घरांत सुखडी होऊ लागली. वडापावाशी तिची स्पर्धा नाही, हेही खरे. गरम वड्याचा वास आला की मास्तरांचे ब्रेक आपोआप लागतात.

आगाशीहून दक्षिणेकडचा रस्ता समुद्राला समांतर जातो. नंदाखाल, वटार, निर्मळ, भुईगाव, गिरीज, आणि पुढे वसई गाव. वाड्यांच्या कडेने विहिरी, केळी, नारळ, फुलझाडे. एका वळणावर क्रूस, दुसऱ्या वळणावर देऊळ. ही हिरवाई आपोआप टिकलेली नाही. नंदाखालमध्येच जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जे पुढे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, त्यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली. पाण्याचे टँकर आणि बेलगाम बांधकाम यांच्याविरुद्ध इथली माणसे रस्त्यावर उतरली. तरी पूर्वेकडे मान वळवली की उंच इमारतींची रांग वर्षागणिक जवळ आलेली दिसते. शेठच्या दुकानाची गिऱ्हाइके त्याच इमारतींत राहायला आलेली आहेत. मास्तर त्याला हे कधी बोलून दाखवत नाहीत. तोही ते विसरत नाही.

निर्मळच्या बाजूने पूर्वेला वळले की नालासोपारा. लोकलच्या गर्दीसाठी बदनाम झालेल्या या स्थानकाच्या पश्चिमेला, इमारतींच्या मध्ये, प्राचीन शूर्पारक निजले आहे. ग्रीक नाविकांच्या ‘पेरिप्लस’मध्ये याच बंदराचा उल्लेख आहे. बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखला जाणारा तो उंचवटा पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये खणला आणि आतून बौद्ध स्तूप निघाला, त्याच्या गाभ्यात एकात एक बसवलेले करंडक. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा हाती आला. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावला मिळाला.

या दोन लेखांत काय आहे, हे रविवारी भटकंतीला निघणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे असे आहे. आठव्या लेखात अशोक सांगतो, की पूर्वीचे राजे विहारयात्रांना जात; त्यांत शिकार असे आणि तशाच इतर करमणुकी असत. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या: श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन, वृद्धांची भेट, त्यांना दान, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोलणे. नवव्या लेखात माणसे आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना जी नाना मंगलकार्ये करतात त्यांबद्दल तो बोलतो आणि त्यांचे फळ थोडे असते म्हणतो. बावीसशे वर्षांपूर्वी या बंदरात जहाजातून उतरणाऱ्या माणसाने वाचावे म्हणून हे दगडात कोरून ठेवले होते. गंमत अशी, की ‘विहार’ हा शब्द तिथे राजाच्या करमणुकीसाठी आला आहे, आणि जैन घरांत तोच शब्द साधु-साध्वींच्या अनवाणी चालण्यासाठी वापरला जातो.

सोपाऱ्याची आणखी एक ओळख जैन ग्रंथांतून येते. बारा वर्षांचा भीषण दुष्काळ पडला होता. आर्य वज्रस्वामींनी आपले शिष्य वज्रसेन यांना सांगितले होते, की ज्या दिवशी लाख मोलाच्या अन्नातून भिक्षा मिळेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी सुकाळ येईल. वज्रसेनसूरी विहार करत सोपारकाला पोहोचले. तिथे श्रेष्ठी जिनदत्त, पत्नी ईश्वरी आणि चार पुत्र. घरात धन होते, धान्य नव्हते. लाख मोजून शेवटचे मूठभर धान्य मिळवले, ते शिजवले, आणि आता त्यात विष कालवून सर्वांनी एकत्र जग सोडायचे असे ठरले होते. त्याच वेळी महाराज गोचरीला दारात आले. त्यांनी अन्नाची हकीकत विचारली, गुरुवचन आठवले आणि विष कालवू नका, उद्या सुकाळ आहे, असे सांगितले. दुसऱ्या दिवशी धान्याने भरलेली जहाजे बंदराला लागली. पुढे त्या कुटुंबाने दीक्षा घेतली आणि चार पुत्रांच्या नावांनी चार कुले झाली: नागेंद्र, चंद्र, निर्वृति, विद्याधर. आजही मूर्तिपूजक परंपरेत दीक्षार्थीला कोटिक गण, वज्री शाखा आणि चांद्र कुल ऐकवले जाते, तेव्हा त्यातला चंद्र हा या सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा असतो.

शेठने ही कथा व्याख्यानांत कितीदा तरी ऐकली होती. पण सोपारक म्हणजे आपल्या दुकानापासून सायकलने अर्ध्या तासावरचे नालासोपारा, हे त्याने कधी जोडून पाहिले नव्हते. कोटाजवळ उभे राहून त्याने ती कथा मंडळींना सांगितली. ताईंनी विचारले, “जहाजं लागली ती कुठे?” मास्तरांनी हाताने पश्चिमेकडची सखल जमीन, नाले आणि इमारती दाखवल्या. खाडी कधीचीच गाळाने भरून गेली आहे. काही वेळ कोणी बोलले नाही. मग कॉलेजच्या मुलांपैकी एकाने टायरमधली हवा तपासली आणि मंडळी निघाली.

सोपाऱ्याचे व्यापारी दूरवर पोहोचले होते याचा एक पुरावा घाटमाथ्यावर आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात पाण्याच्या एका टाक्यावर सोपाऱ्याच्या गोविंददासाने ते दान दिल्याचे कोरलेले आहे. तो कोणत्या धर्माचा, काय विकत होता, हे लेख सांगत नाही. घाट चढून आलेल्या तहानलेल्याला पाणी मिळावे, एवढीच त्याची इच्छा उरली आहे. नाणेघाटापर्यंत सायकलने जायचे, हा मंडळींच्या न तडीस गेलेल्या बेतांपैकी सर्वांत जुना बेत.

वसईच्या किल्ल्यावर मात्र ही मंडळी वरचेवर जाते, कारण तो जवळ आहे. पोर्तुगीजांची भग्न चर्चे, वडाच्या मुळांनी धरलेल्या भिंती, चिमाजी अप्पांचे स्मारक, रविवारी छायाचित्रे काढणाऱ्या नवपरिणीत जोडप्यांची गर्दी. १७३९ च्या विजयानंतर इथल्या चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रभरच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली त्यांपैकीच एक. किल्ल्याबद्दल इतके लिहिले गेले आहे, की सायकलवाल्यांनाही तिथे नवे काही बोलायला सुचत नाही. ते तिथे थांबतात ते सावलीसाठी.

खरी चर्चा होते ती महामार्गाची. शिरसाड फाट्याजवळ महावीर धाम आहे, आणि तिथून पूर्वेला वज्रेश्वरी-गणेशपुरीचा रस्ता फुटतो. तानसेच्या काठची गरम पाण्याची कुंडे हे हिवाळ्यातले लाडके ठिकाण. पहिल्यांदा मंडळी महावीर धामच्या भोजनशाळेत गेली, तेव्हा कांदा-लसूण-बटाट्यावाचून जेवण बेचव असेल अशी सिग्नलवाल्यांची खात्री होती. तिसऱ्या फुलक्याला त्यांनी ती सोडली. ताट धुऊन ते पाणी पिण्याची रीत पाहून मात्र सगळे थबकले. शेठने आग्रह केला नाही. मास्तरांनी क्षणभर विचार करून आपले ताट धुतले आणि प्यायले. “आमची आजी भाताचं शीत सांडलं तर उचलून खायला लावायची,” ते म्हणाले, “हे त्याच जातीचं.”

पण शिरसाडला पोहोचेपर्यंतचा रस्ता भीतीचा आहे. अवजड ट्रक, उलट दिशेने येणाऱ्या दुचाकी, कडेला अंधारात उभे कंटेनर. आणि याच कडेने, कार्तिकी पौर्णिमेनंतर, साधु-साध्वी गुजरातकडून मुंबईकडे आणि मुंबईहून गुजरातकडे विहार करतात. वाहनाने उडवल्याच्या बातम्या समाजाने वारंवार वाचल्या आहेत; प्रत्येक वेळी हळहळ होते, सभा होतात, आणि पुढचा विहार त्याच रस्त्याने होतो. विहारसेवेचे तरुण चकाकणारे पट्टे घालून, विजेऱ्या घेऊन बरोबर चालतात, तेवढाच आधार. एका रविवारी पहाटेच्या अंधुक उजेडात मंडळींना तीन साध्वीजी आणि एक सेविका भेटल्या. बरोबर विहारसेवेचे कोणी नव्हते. शेठ उतरला, वंदन करून सुखशाता विचारली, आणि परवानगी घेऊन मागे चालू लागला. बाकीच्यांनीही मागचे लाल दिवे लुकलुकत ठेवून, सायकली हातात धरून, तीन-चार किलोमीटर चालून काढले. त्या दिवशी वज्रेश्वरी राहिली. मागून येणारे ट्रक त्या दिव्यांची ओळ पाहून लांबून वळत होते, हे मास्तरांनी मोजून पाहिले. न वळलेले दोन.

ही हकीकत शेठने घरी सांगितली आणि तिचा परिणाम उलटा झाला. वडिलांनी अनुमोदना केली, आणि दुसऱ्या वाक्यात महामार्गावर सायकल बंद केली. “महाराज साहेबांना इलाज नाही, त्यांचा आचार आहे. तुला काय इलाज नाही?” या प्रश्नाला शेठजवळ उत्तर नव्हते.

यामुळे एक स्वप्न मिटले. ‘ब्रेव्हे’ नावाचा लांब पल्ल्याच्या सायकलींचा एक प्रकार आहे. त्यात शर्यत नसते. ठरल्या वेळात अंतर पुरे करायचे. २०० किलोमीटरांना साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. मुंबई परिसरातल्या अशा फेऱ्यांना महामार्ग टळत नाही. शेठने हिशेब केला होता, की दोनशे किलोमीटर चौविहार सांभाळून जमतील, उन्हाळ्याच्या तोंडाशी, दिवस मोठा असताना. तीनशेला रात्र येते. तिविहार घेतला तर पाणी चालेल. पण चौविहाराचा नियम सायकलसाठी सैल करायचा, हे त्याला पटत नव्हते. मंडळींनी त्याला समजावले नाही आणि चिडवलेही नाही. पण सिग्नलवाले एकदा बोलून गेले, ते महत्त्वाचे आहे.

केळव्याचा बेत चालला होता. शनिवारी दुपारी मारंबळपाड्याहून बोट, पलीकडे सफाळे, तिथून किनाऱ्याच्या गावांमधून केळवे. सुरूच्या बनात संध्याकाळ, घरगुती निवासात मुक्काम, रविवारी परत. महामार्ग नाही, चढ फारसा नाही. शेठच्या अडचणी ओळीने पुढे आल्या. शनिवारी दुकानात गर्दी. निवासांमध्ये एकाच स्वयंपाकघरात मासे. जेवण रात्री नऊला. ताईंनी सुचवले, की सगळ्यांनीच सहाच्या आत जेवावे.

“आगाशी तुझ्या घड्याळाने, परतायचं तुझ्या दुकानाच्या वेळेला, आणि आता समुद्रावरचं जेवणही तुझ्याच घड्याळाने?” सिग्नलवाले म्हणाले. “आठवडाभर आम्ही पण ड्युटीच्या घड्याळावर असतो रे.”

बोलण्यात राग नव्हता, थकवा होता. आणि ते खोटेही नव्हते. व्रत एकाचे असते, पण सोबतीला निघालेल्यांनाही त्याचा थोडा भार उचलावा लागतो, याची जाणीव व्रत पाळणाऱ्या घरांत नेहमीच ठेवली जाते असे नाही. शेठला ती होती. त्याने थोडा वेळ घेतला आणि म्हणाला, “बरोबर आहे, सर. तुम्ही शनिवारी जा, नऊला जेवा. मी रविवारी सकाळच्या बोटीने येतो. सफाळ्याला भेटू.”

घरी त्याने नकाशा उघडून वडिलांना दाखवला. वडिलांनी बोटीचा रस्ता बोटाने दोनदा गिरवला. महामार्ग कुठेच लागत नव्हता. “मग दुपारी दोनच्या आत गल्ल्यावर ये,” एवढीच अट पडली.

त्या रविवारी बोटीवर दोन ट्रक, काही मोटारी, भाजीच्या पाट्या घेऊन बसलेल्या चार बायका आणि एक सायकल होती. सूर्य नुकता वर आलेला. खाडीच्या दोन्ही तीरांवर तिवरांची गर्द रांग, ओहोटीच्या चिखलात पाय रोवून उभे असलेले बगळे, दूर रेल्वेच्या पुलावरून जाणारी गाडी. नकाशावर जे साठ किलोमीटर होते ते पंधरा मिनिटांत संपले, आणि पाण्याच्या मधोमध शेठला वाटले, की हे फार लवकर संपते आहे. पलीकडे उतरून त्याने नवकारशी पारली आणि जलसारच्या रस्त्याने सफाळ्याकडे निघाला. भाताची कापलेली शेते, मिठागरांचे चौकोन, शाळेच्या भिंतीवर वारली चित्रे.

सफाळ्याला मंडळी चहाला थांबलेली होती. सिग्नलवाल्यांनी त्याला पाहताच आपल्या पिशवीतून एक डबा काढला. केळव्याच्या निवासातल्या मावशींना सकाळी उठवून, वेगळी भांडी घासून घेऊन, त्यांनी खास करून घेतले होते. “कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. मी समोर उभा होतो,” ते अभिमानाने म्हणाले.

डब्यात तांदळाची भाकरी होती आणि वांग्याचे भरीत.

शेठने डबा पाहिला, त्यांच्याकडे पाहिले, आणि त्याला हसू आवरेना. वांगे का नाही, हे समजावण्यात पाच मिनिटे गेली. सिग्नलवाल्यांनी कपाळावर हात मारला. मग भरीत ताईंनी आणि मुलांनी संपवले, आणि शेठने भाकरी गुळाबरोबर खाल्ली, चारही. परतताना सगळे एकाच बोटीने आले. दुकानात तो पावणेदोनला पोहोचला.

रात्री घरात या सहलीची चौकशी झाली. वडिलांनी बोटीत मोटार चढते का, भाडे किती, हे विचारून घेतले. दादीजींचा प्रश्न वेगळा होता. त्यांचे दिशापरिमाण व्रत आहे. चातुर्मासात त्या मर्यादा आणखी आखडून घेतात, विरारपासून पन्नास किलोमीटरच्या आत. सफाळ्याला त्यांची चुलत नणंद राहते, आणि अंतर साठ म्हणून गेली कित्येक वर्षे पर्युषणानंतर खमतखामणा फोनवरच होतो. आता पाण्यावरून गेले तर अंतर कुठले धरायचे, साठ की दीड? घरात दोन मते पडली. महाराज साहेब चातुर्मासासाठी आगाशीला येतील तेव्हा त्यांनाच विचारायचे ठरले आहे.